चढ, उतार आणि गिअर : गाडीला आत्ता कोण धरून आहे? (ऑटोमॅटिक आणि मॅन्युअल दोन्हींसाठी)

अजिंक्यतारा_पायथा

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात गाडी चालवायला शिकवतो. पूर्वी येणारा प्रत्येक जण क्लचवाल्या गाडीवरच शिकायचा. आता बरेच जण "आमच्याकडे ऑटोमॅटिक आहे, क्लचचं काही सांगू नका" असं म्हणत येतात. उलट वर्षानुवर्षं क्लच दाबलेली माणसं ऑटोमॅटिकमध्ये बसली की डावा पाय कुठे ठेवायचा इथपासून अडतात. दोघांनाही मी पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारतो: या क्षणी गाडीला कोण धरून आहे?

गाडी धरणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. पायाखालचा ब्रेक, हँडब्रेक, गिअरमध्ये टाकून बंद केलेलं इंजिन, ऑटोमॅटिकचा 'पी' (पार्क), आणि चढावर निघताना क्षणभरापुरता हाफ क्लच, म्हणजे अर्धवट सोडलेला क्लच. यातली एक सोडायची तर दुसरीने आधी पकडलेलं हवं. माझ्या पाहण्यात चढ-उतारावरचे बहुतेक घोटाळे या मधल्या एका क्षणात होतात. एक सोडली आणि दुसरीने अजून धरलं नव्हतं.

आधी सुरुवात करण्याबद्दल. सीट अशी घ्या की क्लच (ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक) तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील आणि पाठ सीटवरून सुटणार नाही. हे आरामासाठी नाही. पाठ सुटली की पूर्ण ताकदीने ब्रेक दाबताच येत नाही. नंतर बेल्ट, आरसे, हँडब्रेक ओढलेला आहे का, गिअर न्यूट्रलमध्ये आहे का. क्लच पूर्ण दाबून, दुसरा पाय ब्रेकवर ठेवून मगच सेल्फ मारायचा. न्यूट्रल आहे याची खात्री असली तरी क्लच दाबायचाच.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. खिडकीतून हात घालून किल्ली फिरवू नका, दुसऱ्याला फिरवू देऊ नका. एसी लावायला, काच वर घ्यायला म्हणून लोक हे करतात. गाडी गिअरमध्ये उभी असेल तर सेल्फच्या जोरावर ती पुढे उडी घेते, आणि त्या वेळी समोर कोण उभं असेल ते आपल्या हातात नसतं. आता अनेक गाड्यांना क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, पण जुन्या गाड्या रस्त्यावर खूप आहेत. लहान मुलं गाडीत असताना किल्ली गाडीत सोडू नका, हेही त्यातच आलं.

ऑटोमॅटिकमध्ये 'पी'वर, उजवा पाय ब्रेकवर, मग बटण किंवा किल्ली. ब्रेक न दाबता बटण दाबलं तर इंजिन सुरू होत नाही, फक्त दिवे आणि रेडिओ लागतात. "गाडी चालू होत नाहीये" म्हणून येणाऱ्या बऱ्याच फोनचं कारण हेच असतं. 'डी' (ड्राइव्ह) टाकल्यावर ब्रेक सोडलात की रेस न देताही गाडी हळूहळू चालायला लागते. गर्दीत आणि पार्किंगमध्ये त्याच चालीवर, पाय ब्रेकवरच ठेवून गाडी काढायची. रेसची गरज लागत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १५ लायसन्सच्या चाचणीत काय बघायचं ते सांगतो. तीव्र चढावर थांबून, गाडी अजिबात मागे न सरकू देता पुन्हा निघता आलं पाहिजे, आणि उतारावर चटकन खालचा गिअर टाकता आला पाहिजे, हे दोन्ही त्यात लिहिलेलं आहे. माझ्या मते या दोन गोष्टी ज्याला येत नाहीत त्याने लायसन्स खिशात असलं तरी घाटात गाडी घालू नये. आपापले अनुभव आणि शंका लिहा, मी वाचतो आहे.

मुळशी_खोरे

फार गरजेचा धागा, धन्यवाद दादा. आमच्याकडे नवीन एएमटी आहे. परवा ताम्हिणीत पुढची बस थांबली म्हणून थांबलो. निघताना बायकोने ब्रेक सोडला तर गाडी चांगली दीड-दोन फूट मागे सरकली. मागे एक मोटारसायकलवाला होता, त्याची काही चूक नव्हती. ऑटोमॅटिक मागे सरकत नाही असं आम्हाला गाडी घेताना सांगितलं होतं. गाडीत दोष आहे का?

अजिंक्यतारा_पायथा

दोष नसावा. एएमटी म्हणजे आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. तीच क्लच प्लेट, तेच गिअर. फरक इतकाच की क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम तुमच्याऐवजी एक यंत्रणा करते. आपल्याकडे २०१४ साली सेलेरिओबरोबर हा प्रकार स्वस्त गाड्यांमध्ये आला आणि लोकांनी त्याला सरसकट 'ऑटोमॅटिक' म्हणायला सुरुवात केली. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं, त्यामुळे 'डी'मध्ये ती सतत पुढे ओढ घेते आणि साध्या चढावर जागेवर राहते. खूप तीव्र चढावर तीही मागे येऊ शकते. एएमटीमध्ये क्लच जुळेपर्यंत एक क्षण गाडीला कोणीच धरलेलं नसतं. तुमच्याकडे तेच झालं.

उपाय जुनाच. चढावर थांबलात की हँडब्रेक ओढा. निघताना ब्रेकवरून पाय उचला, हलकी रेस द्या, गाडी पुढे ओढ घेऊन मागून थोडी खाली बसल्यासारखी वाटली की हँडब्रेक सोडा. तुमच्या मॉडेलमध्ये हिल होल्ड असेल तर ते साधारण दोन सेकंद ब्रेक धरून ठेवतं. त्या वेळात रेसवर पाय आला पाहिजे. ते कायम धरून ठेवत नाही, हे वहिनींना नक्की सांगा.

आणखी एक. बहुतेक एएमटी गाड्यांना 'पी' नसतोच. सेल्फ फक्त 'एन'मध्ये (न्यूट्रल), ब्रेक दाबून लागतो. पण गाडी लावताना 'एन'मध्ये सोडून जायचं नाही. ब्रेक दाबलेला असतानाच हँडब्रेक ओढा, गिअर टाका आणि मग इंजिन बंद करा, म्हणजे गिअर अडकलेला राहतो. तोंड चढाकडे असेल तर पुढचा, उताराकडे असेल तर रिव्हर्स. कोणत्या मॉडेलला काय चालतं ते गाडीच्या पुस्तकात असतं. ते एकदा चहा घेत बसून वाचाच.

पाना_बारा

मी गॅरेजवाला. क्लच प्लेट जळालेल्या एएमटी माझ्याकडे येतात, त्यातल्या कितीतरी चढावर रेसवर उभ्या केलेल्या असतात. माणूस ब्रेक दाबत नाही, थोडी थोडी रेस देऊन गाडी जागेवर तोलून धरतो. मॅन्युअलमध्ये हाफ क्लचवर उभं राहणं म्हणतात तेच हे. प्लेट घासते, तापते, करपल्याचा वास येतो. वास आला म्हणजे प्लेटचं आयुष्य संपायला लागलं. थांबायचं असेल तर ब्रेकवर थांबा.

ड्राय क्लचच्या डीसीटी (दोन क्लचवाल्या ऑटोमॅटिक, ज्यांचे क्लच तेलात नसतात) गाड्यांचंही तसंच आहे. घाटातल्या कोंडीत पुढची गाडी हातभर सरकली की आपणही हातभर सरकायचं, असं करू नका. चांगली जागा होऊ द्या, मग एकदम गाडीभर पुढे जा. तापलं की गाडी स्वतः इशारा देते. तो आला तर बाजूला घेऊन 'पी' किंवा 'एन'मध्ये थंड होऊ द्या.

जास्वंदी

मी निवृत्त झाल्यावर गाडी शिकले, ऑटोमॅटिकवरच. गुडघ्यांमुळे क्लच जमणार नव्हता. माझ्यासारख्या बायकांसाठी लिहिते.

डावा पाय कामाचा नाही, हे मनाला पक्कं पटवायला वेळ लागतो. माझ्या यजमानांची सवय चाळीस वर्षांची, त्यामुळे त्यांना जास्त त्रास झाला. डावा पाय क्लच समजून ब्रेकवर जोरात पडतो आणि गाडी जागच्या जागी आदळल्यासारखी थांबते, मागचा येऊन धडकू शकतो. माझ्या शिक्षिकेने डावा पाय मागे, सीटच्या बाजूला घ्यायला लावला आणि ब्रेक, रेस दोन्ही उजव्याच पायाला दिले. टाच ब्रेकच्या समोर जमिनीवर टेकवायची आणि रेससाठी पाऊल नुसतं वळवायचं. पाय उचलून इकडून तिकडे न्यायचा नाही.

रिव्हर्स घेताना मी सगळ्यात जास्त सावध असते. मान वळवून मागे बघताना अख्खं शरीर फिरतं, त्याबरोबर पायही सरकतो आणि ब्रेक समजून रेस दाबली जाऊ शकते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीवर गेलेल्या गाड्यांच्या बातम्या आपण वाचतो. म्हणून रिव्हर्स टाकण्याआधी पाय ब्रेकवर आहे ना ते मी एकदा दाबून बघते, आणि गाडी फक्त ब्रेक सैल करून मागे घेते. चपला मागे पट्टा असलेल्याच घालते.

गोदाकाठ

जास्वंदीताई, फार छान लिहिलंत. आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला.

एक शंका. समजा रेस अडकली किंवा पायपुसणं पेडलखाली गेलं आणि गाडी सुसाट निघाली, तर ऑटोमॅटिकमध्ये काय करायचं? क्लच दाबून सुटका करून घ्यायची सोय नाही.

अजिंक्यतारा_पायथा

ब्रेक दोन्ही पायांनी, सोडू नका, पुन्हा पुन्हा पंप करू नका. लगेच 'एन' टाका. इंजिन ओरडेल, ओरडू द्या. गाडी बाजूला थांबल्यावर इंजिन बंद करा. धावत्या गाडीची किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होतं. पंप का करायचा नाही, तर रेस पूर्ण उघडी असताना ब्रेकच्या बूस्टरला (पायाचा जोर वाढवणारा भाग) नवीन व्हॅक्यूम मिळत नाही. साठलेला एक-दोन दाबांत संपतो आणि मग पेडल दगडासारखं कडक लागतं.

आणि ड्रायव्हरच्या पायाखाली मूळ पायपुसण्यावर दुसरं रबरी पायपुसणं टाकू नका. पाण्याची बाटली तर तिथे कधीच नको.

कोयनाकाठ

माझं मत थोडं वेगळं आहे. ऑटोमॅटिकवर शिकलेल्याला गाडी कळत नाही. इंजिन कधी ओढतं, कधी दमतं हे क्लचवाल्या पायाला समजतं. आमच्या कुंभार्ली घाटात बाहेरगावची ऑटोमॅटिक मंडळी 'डी'वर टाकून ब्रेक दाबत दाबत चिपळूणपर्यंत उतरतात. खाली टेकेपर्यंत चाकांतून वास येत असतो. प्रत्येकाने आधी मॅन्युअलच शिकावं.

अजिंक्यतारा_पायथा

कोयनाकाठ, उतरण्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण मॅन्युअल आधी, यावर नाही. जास्वंदीताईंना क्लचचा हट्ट धरला असता तर त्या गाडी शिकल्याच नसत्या. गुडघा दुखत असताना अर्धवट दाबलेल्या क्लचवर शिकलेला माणूस जास्त धोक्याचा. शिवाय चिपळूणला वास येणाऱ्या गाड्यांत मॅन्युअलवालेही असतात, टॉप गिअरमध्ये उतरणारे.

ऑटोमॅटिकमध्येही खालचा गिअर धरता येतो, फक्त शिकवताना ते कोणी दाखवत नाही. 'डी'मध्ये उतारावर रेसवरून पाय काढला की गाडीला वाटतं आता जोर लागत नाही, आणि ती वरच्या गिअरमध्ये जाते. अडवणारं इंजिन मग जवळजवळ नसल्यासारखंच. म्हणून उतार सुरू होण्याआधी ब्रेकने वेग कमी करा, मग 'एल', 'एस' किंवा 'एम' (दांड्यावरच्या खालचा गिअर धरायच्या जागा) यांपैकी असेल त्यात जाऊन दुसरा-तिसरा गिअर धरा. वेग जास्त असताना धाडकन खालचा गिअर टाकू नका, पावसात चाक सटकू शकतं. ज्या गिअरवर घाट चढला असता, त्याच गिअरवर उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही चालतो.

त्यानंतरही ब्रेक लागतोच. पण पाय सतत हलका ठेवून घासत जायचं नाही. नीट दाबून वेग पाडा, पूर्ण सोडा, पुन्हा लागेल तेव्हा दाबा. मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो.

पाना_बारा

यात ब्रेक ऑइलचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ते हवेतला ओलावा शोषतं. मानकाप्रमाणे डॉट ३ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवीन असताना कमीत कमी २०५ अंश, पाणी मुरल्यावर १४० अंश. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. आपल्या कोकणातल्या दमट हवेत जुनं झालेलं ऑइल लांब उतारावर उकळलं की पाइपात वाफ होते. वाफ दाबली जाते, पेडल तळाला जातं, गाडी थांबत नाही. 'ब्रेक फेल' म्हणतात ते कित्येकदा असं असतं. गाडी गार झाली की ब्रेक परत लागतात, म्हणून गॅरेजला आणली तर 'काहीच दोष नाही' निघतो. दर दोन वर्षांनी बदला. फार खर्च नाही त्याला.

वडगाव_सिंहगडरोड

आम्ही कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उताराशेजारी राहतो, त्यामुळे हा विषय आमच्या दारातला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकमुळे तिथे ४८ गाड्यांचं नुकसान झालं. सुरुवातीला ब्रेक गेले असं सांगितलं गेलं. नंतरच्या बातम्यांत, उतारावर डिझेल वाचवायला ड्रायव्हरने इंजिन बंद करून गाडी सोडली होती, असं तपासात पुढे आल्याचं होतं. रोज त्या रस्त्याने मुलं शाळेत जातात. कृपा करून कोणीही, छोट्या गाडीतही, उतारावर न्यूट्रल करू नका.

अजिंक्यतारा_पायथा

हे वाचून खूप वाईट वाटतं, कारण न्यूट्रल करून इंधन काहीच वाचत नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून रेसवरून पाय काढला की संगणक इंजेक्टर बंद करतो. चाकंच इंजिनाला फिरवत असतात, इंधन जळतच नाही. न्यूट्रल केलं की उलट इंजिन चालू ठेवायला इंधन द्यावं लागतं. कार्ब्युरेटरच्या काळातली समजूत बापाकडून मुलाकडे चालत आली आहे.

इंजिन बंद केलं तर त्याहून वाईट. छोट्या गाडीत ब्रेकचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, स्टिअरिंग जड होतं. मोठ्या ट्रकला हवेचे ब्रेक, आणि हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. म्हणजे गाडी धरणाऱ्या सगळ्या गोष्टी आपणच एकेक करून काढून टाकायच्या.

लेस्टरचा_मराठी

इंग्लंडमधून लिहितो. भारतीय लायसन्सवर इथे बारा महिने चालवता येतं, पुढे इथली चाचणी द्यावी लागते. क्लचवाल्या गाडीत चाचणी दिली तर दोन्ही प्रकार चालवता येतात. ऑटोमॅटिकमध्ये दिली तर लायसन्सवर ७८ हा कोड येतो आणि मॅन्युअल चालवता येत नाही. नव्याने येणाऱ्यांनी विचार करून ठरवा, कारण भाड्याच्या आणि कंपनीच्या व्हॅन अजून खूपशा मॅन्युअल असतात.

इथे सिग्नलला रांगेत थांबल्यावर हँडब्रेक ओढून पाय ब्रेकवरून काढायला शिकवतात. मागच्याच्या डोळ्यांवर ब्रेकलाइट येत नाही, आणि मागून कोणी धडकलं तरी आपला पाय सुटून गाडी पुढे जात नाही. पुण्या-मुंबईतल्या उड्डाणपुलांच्या चढावर ही सवय कामाची आहे. बर्फात मॅन्युअल गाडी दुसऱ्या गिअरवर काढतात, म्हणजे चाक जागेवर फिरत नाही. चिखलातही तेच करून बघा.

मुळशी_खोरे

दादा, हँडब्रेकची रीत आम्ही चांदणी चौकाच्या चढावर करून बघितली. गाडी एक इंचही मागे गेली नाही. बायको आता स्वतःहून म्हणते, ताम्हिणीत मीच चालवते.

आणखी एक विचारतो. पावसात ताम्हिणीत रस्त्यावरून ओढे वाहतात. पाण्यात गाडी बंद पडली तर?

अजिंक्यतारा_पायथा

वहिनींचं अभिनंदन!

पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा आणि टो करून न्या. पण मुळात वाहत्या पाण्याचा तळ दिसत नसेल तर घालायचीच नाही. पाण्यातून निघाल्यावर ब्रेक ओले असतात. मोकळ्या रस्त्यावर हळू चालत हलके दाबून ते वाळवून घ्या, मगच उताराला लागा. अरुंद जागी समोरून चढणारी गाडी आली तर उतरणाऱ्याने थांबायचं, हा नियम आहे आणि ताम्हिणीत शनिवार-रविवारी तो कोणी पाळत नाही. तुम्ही पाळा.

पाचगणी_परतीचा

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी एक भर. आमची गाडी रेसवरून पाय काढला की मोटारीने अडवते आणि बॅटरी भरते. पण पाचगणीला हॉटेलात रात्री पूर्ण चार्ज करून सकाळी पसरणी घाट उतरायला लागलो की अडवणं अगदी कमी होतं, कारण भरलेल्या बॅटरीत आणखी वीज घालायला जागा नसते. पहिल्या वळणालाच फरक जाणवतो. म्हणून वर मुक्काम असेल तर ८०-८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवतो.

जास्वंदी

ही माहिती मुलाला पाठवते, त्याने नुकतीच घेतली आहे. माझा एक प्रश्न. आमच्या सोसायटीचा रॅम्प चढाचा आहे. तिथे गाडी लावली की सकाळी 'पी'मधून काढताना खाडकन आवाज येतो आणि दांडा ओढायला जोर लागतो. काही मोडतंय का?

पाना_बारा

ताई, मोडलेलं नाही, पण रोज असं केलं तर झिजेल. 'पी' टाकला की गिअरबॉक्सच्या आत एक छोटा खिळा दातेरी चाकात अडकतो. तुम्ही ब्रेक दाबून सरळ 'पी' टाकता, पाय काढता, आणि गाडीचं सगळं वजन त्या खिळ्यावर येतं. क्रम बदला. ब्रेक दाबून 'एन' टाका, हँडब्रेक पूर्ण ओढा, ब्रेकवरून पाय हळूच उचला म्हणजे गाडी हँडब्रेकवर बसेल, मग पुन्हा ब्रेक दाबून 'पी' टाका आणि इंजिन बंद करा. सकाळी ब्रेक दाबून आधी 'पी'मधून काढा, हँडब्रेक शेवटी सोडा. हँडब्रेक सोडल्यावर गाडी सरकत असेल तर वायर सैल झाली आहे, ताणून घ्या. रॅम्पला कठडा असेल तर चढाकडे तोंड असताना पुढची चाकं कठड्यापासून बाहेरच्या बाजूला वळवून ठेवा, सुटलीच तर गाडी मागे येऊन कठड्याला टेकेल. एवढं करूनही आवाज राहिला तर इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग बघायला लागतील, कोणत्याही बऱ्या गॅरेजमध्ये लिफ्टवर घेऊन लगेच कळतं.